आजीला विरारला न्यायचं होतं

गाडी शिकायची मला स्वतःला काही हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मैत्रिणी स्कूटी उडवायच्या, मला त्यातही रस नव्हता. कांजूरमार्गला आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा मिळते, रिक्षावाला नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं, आणि मला भांडायला आवडतं. मी गाडी शिकायला घेतली ती आजीसाठी. तिला विरारला तिच्या बहिणीकडे जायचं होतं.

आजी म्हणजे पप्पांची आई. तिची एकच बहीण, धाकटी, ती माझी मावशीआजी. दोघी लग्न होऊन मालवणहून मुंबईत आल्या त्या लालबागच्या एकाच चाळीत, समोरासमोरच्या खोल्यांत. दोघींचे नवरे एकाच गिरणीत कामाला. दिवसभर दारं उघडी, एकीचं मीठ संपलं की दुसरीच्या डब्यात हात. माझे पप्पा कोणाच्या ताटात जेवले आणि मावशीआजीचा मुलगा कोणाच्या मांडीवर झोपला याचा कोणी हिशेब ठेवला नाही. मग गिरणी बंद पडली, नवरे गेले, मुलं नोकरीला लागली आणि ज्याला जिथे घर परवडलं तिथे तो गेला. आम्ही कांजूरला, ते विरारला. नकाशात बघाल तर फार काही लांब नाही. पण आजीचे दोन्ही गुडघे गेलेले. स्टेशनचा जिना दिसला तरी ती कपाळाला हात लावायची, आणि विरारला जायचं म्हणजे मध्ये दादरला गाडी बदला. तिकडे मावशीआजीची कंबर धरलेली. त्यामुळे दोघींचं सगळं काही रविवारी दुपारी फोनवर चालायचं, तेही इतक्या मोठ्याने ओरडून की फोनची तशी गरजच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, घरात गाडी होती, पप्पांना येत होती, मग पप्पांनी न्यायचं ना. तर तिथे फेटा आडवा आला.

मावशीआजीच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या काकाच्या लग्नात घरच्या पुरुषांना फेटे बांधायचे होते. पप्पा मोठे भाऊ, एकाच ताटात जेवलेले, म्हणजे पहिला मान त्यांचा. पण पप्पा मंडपाबाहेर पाण्याच्या टँकरवाल्याशी हुज्जत घालत राहिले, तोवर फेटे संपले आणि फेटेवाला पुढच्या लग्नाला पळाला. अख्ख्या फोटोंत सगळे काके-मामे गुलाबी फेट्यात आणि आमचे पप्पा बोडके. ते घरी आले ते तोंड फुगवूनच. "मला फेट्याचं काही नाही, पण पद्धत असते ना?" एवढंच म्हणाले. त्यानंतर ते विरारला गेले नाहीत. विरारचे बोलावणार नाहीत, हे जाणार नाहीत. हसू येतं ना? मलाही यायचं तेव्हा.

मी बारावी झाले त्या सुट्टीत एक दिवस आजी जवळ्याची सुकी मासळी निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर मोबाइल घेऊन लोळत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, "चेडवा, अठरा झाली मा तुका? मगे गाडी शीक."

"मी? कशाला?"

"माका विरारक न्हेशीत म्हणान."

मी म्हटलं, पप्पांना सांग की, एका शब्दावर नेतील. ती म्हणाली, "न्हेतलो. नाय म्हणाचो नाय तो. पण तोंड वाकडा करून न्हेतलो, आणि खाली गाडीत बसान रवतलो. मगे मी वर काय बसतलंय? माका तिच्याकडे सावकाश बसाचा हा. र्‍हवाचा हा एखादी रात." मग तिने एक बारीक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "तिका बगून किती वर्सा झाली."

आजीने आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी आणली तर "कित्याक?" म्हणजे कशाला, डॉक्टरकडे नेलं तर "कित्याक?" त्या दिवशी मात्र तिने मागितलं, तेही माझ्याकडे. मी उठून बसले. म्हटलं, "डन, आजी. तुला मी नेणार. पप्पांना गाडी कॉलेजला न्यायची म्हणून सांगते, आणि गुपचूप विरार." ती हसली. तिचे खालचे दात नव्हते, त्यामुळे ती हसली की लहान मुलीसारखी दिसायची.

ड्रायव्हिंग स्कूल लावलं. सर तिथे स्वतःच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच ठेवून निवांत फोनवर बोलत असायचे, त्यामुळे गाडी मी चालवतेय की ते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. लर्निंग लायसन्स हातात होतंच, क्लास संपले तशी मी पप्पांच्या मागे लागले, आपली गाडी द्या. आमची गाडी म्हणजे सेकंडहँड, पांढरी, आणि चालायची त्यापेक्षा जास्त पुसली जायची. पप्पांनी आठवडाभर आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाले, "रविवारी आरेला जाऊ. रस्ता मोकळा असतो. सगळेच जाऊ, छोटा काश्मीरच्या बागेत बसू, खाऊ, पिकनिक होईल. नीट चालवलीस तर नंतर तुझ्या हातात देईन." नीट चालवलीस तर! माझ्यासाठी ती पिकनिक नव्हती, परीक्षा होती. आजीलाही ते ठाऊक होतं. शनिवारी तिने मला दोनदा विचारलं, "ब्रेक खंयचो तो ठाव हा मा तुका?"

मम्मी पहाटे उठून पुर्‍या आणि बटाट्याची भाजी करत होती. आजी नवी नऊवारी नेसून, देवाला गूळ ठेवून, सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात. पप्पांनी तिला तिथेच अडवलं. "आई, एक सांगतो. गाडीत एक शब्द बोलायचा नाही. हळू जा, हॉर्न मार, रिक्षा आली, काही नाही. पोरगी गोंधळेल. बोललीस तर पुढच्या वेळी तुला घरी ठेवणार." पप्पा उगाच बोलले नव्हते. आजी गाडीत बसली की ड्रायव्हरपेक्षा जास्त गाडी तीच चालवायची. पप्पांचं मुलुंडला एकदा तिच्या "रे रे रे रे!" मुळे भलतंच वळण घेऊन झालं होतं. तिने तोंडावर बोट ठेवलं. "नाय बोलाचंय रे बाबा. मुकी झालंय बग."

पवईपर्यंत पप्पांनी चालवली. आरेचा फाटा घेतल्यावर झाडं सुरू झाली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, आम्ही जागा बदलल्या. मी ड्रायव्हिंग सीटवर, शेजारी पप्पा, मागे मम्मी आणि माझ्या पाठीशी आजी. काचेवर लाल रंगाचा एल. मी आरशात बघितलं तर आजी तोंडावर पदर धरून बसलेली, हसू आवरत.

आणि काय सांगू, मी झकास चालवली. खरंच. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, कुठे बंद पडली नाही. एक म्हैस रस्ता ओलांडत होती, मी थांबले, तिला जाऊ दिलं, पुन्हा उचलली. पप्पांनी दाराच्या वरचं हँडल धरलं होतं ते हळूच सोडलं. "बरं चाललंय," ते म्हणाले, आणि पप्पांच्या तोंडून 'बरं' म्हणजे आमच्याकडे मेडलच. मम्मी मागून म्हणाली, "माझी पोरगी शिकली की हो!" मी मनात विरारला पोहोचलेसुद्धा होते. बिल्डिंगखाली गाडी लावेन, आजीचा हात धरून वर नेईन, बेल वाजवेन, असं सगळं.

तेवढ्यात डाव्या बाजूला एक छोटं देऊळ आलं. रस्त्याला लागूनच, शेंदरी रंगाचं, बाहेर फुलवाली बसलेली.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला लागेल. देऊळ दिसलं की हात जोडायचे, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं आहे. रिक्षात असू, बसमध्ये असू, हात जोडले जाणार. बाहेर कितीतरी लोक एक हात छातीला लावून भागवतात, रिक्षावाले तर हँडल धरूनच मान हलवतात. पण आजीला एका हाताचा नमस्कार अजिबात चालायचा नाही. लहानपणी मी तसा केला की ती म्हणायची, "देवाक नमस्कार करतंस की रिक्षा थांबवतंस?" दोन्ही हात, डोळे मिटून, पाठ ताठ. ते इतकं अंगात मुरलेलं की आपण करतोय हेसुद्धा कळत नाही.

आजीच्या तोंडून निघून गेलं, अगदी कुजबुजल्यासारखं, माझ्या कानामागे, "हात जोड गो."

आणि मी जोडले. दोन्ही. डोळे मिटून.

पुढचं सगळं पटकन झालं. गाडी डावीकडे सरकली, खडखड आवाज आला, मी डोळे उघडले, ब्रेकवर पाय मारला आणि धाडकन आम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर आदळलो. वेग काही फार नव्हता. हेडलाइट फुटला, बंपर लोंबला, मागच्या सीटवर भाजीचा डबा उघडून मम्मीच्या मांडीवर पडला. आजीचं डोकं माझ्या सीटच्या पाठीवर आपटलं. मी वळून बघितलं तर तिच्या कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं आणि तिचे हात अजून जोडलेलेच होते.

"काय झालं? काय झालं गं?" पप्पा ओरडले. "सरळ रस्ता होता ना! कुठे होतं लक्ष?"

मी तोंड उघडलं आणि आजीकडे बघितलं. तिच्या चेहर्‍यावरचा रंग उडालेला. ती मुकी राहायचं कबूल करून आली होती. आता जर मी म्हटलं, आजीने सांगितलं हात जोड, तर संपलं. पप्पा तिला परत कधी गाडीत बसू देणार नाहीत. मग कसलं विरार आणि काय.

"कुत्रं आलं आडवं," मी म्हटलं.

आणि पप्पांनी काय करावं? आधी तर ते घाबरले. मला ओरडायचं सोडून उतरले, खाली गुडघे टेकले, रविवारच्या इस्त्रीच्या पँटीवर, आणि गाडीखाली वाकून बघायला लागले. "लागलं का त्याला? कुठे गेलं?" पुढे गेले, मागे गेले, झुडपात बघितलं. जाऊन फुलवालीला विचारलं, इथून कुत्रं गेलं का. तिने मान हलवली. तिथे सकाळपासून कुत्रंच नव्हतं. ते परत आले, खिडकीशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुत्रं नव्हतं."

"होतं," मी म्हटलं.

"कसल्या रंगाचं?"

"काळं."

मम्मी मांडीवरची भाजी डब्यात भरत होती. ती म्हणाली, "मला तर नाही दिसलं गं." झालं, वाट लागली. मला आता मागे फिरता येईना. मी परत म्हटलं, होतं, होतं म्हणजे होतं. आवाज चढला माझा. माझं डोकं फिरलं की मी खोटंसुद्धा खर्‍यासारखं भांडून सांगते, हा माझा स्वभावच आहे. आजीने मागून "अरे बाबा..." असं सुरू केलं, तर मी आरशातून तिच्याकडे बघून जोरात मान हलवली. ती गप्प झाली.

पप्पा मग ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "चूक झाली तर चूक झाली म्हण," ते म्हणाले. "लाइट काय, बदलता येतो. पण गाडी चालवणार्‍याने खोटं बोलायचं नाही. उठ." मी उठले. त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही घरी आलो. छोटा काश्मीर राहिलं. पुर्‍या आम्ही घरी टेबलावर बसून खाल्ल्या, आणि आजीच्या कपाळावर मम्मीने हळद लावली होती.

दुपारी पप्पा झोपल्यावर आजी माझ्या खोलीत आली. "मी सांगतंय तुझ्या बापाशीक. माझी चूक ती."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "तुला बसवणारच नाहीत मग."

"नाय बसवूदेत. तू तरी शिकशीत."

"आणि तुला नाही बसवलं तर मी शिकून काय करू? कोणाला नेऊ विरारला?"

ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसून राहिली. आम्ही दोघींनी ठरवलं, थोडे दिवस जाऊ देत, पप्पांचा राग उतरेल, मी माफी मागेन, परत गाडी मिळेल. म्हणजे विरारसाठी म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो.

पण राग उतरायचा म्हणजे काय, तो दिसला पाहिजे ना. पप्पा तर रोज नेहमीसारखेच वागत होते, डबा घेऊन जात होते, संध्याकाळी मला क्रिकेटचा स्कोअर विचारत होते. फक्त गाडीच्या किल्ल्या हुकावर असायच्या त्या त्यांच्या कपाटात गेल्या. मी दोनदा विषय काढला. ते म्हणाले, "आधी कुत्र्याचं सांग." माझा इगो आड आला, मी दार आपटून गेले. कॉलेज सुरू झालं, नवे मित्र, प्रोजेक्ट, सबमिशन. लर्निंग लायसन्सची मुदत संपून गेली ते मला कळलंसुद्धा नाही. ड्रॉवरमध्ये ते बाकीच्या कागदांखाली गेलं.

आजीने मात्र मावशीआजीला सांगितलेलं होतं. रविवारी दुपारी फोन लागायचा आणि मला आतल्या खोलीत ऐकू यायचं. पलीकडून मावशीआजी विचारत असणार, कारण आजी ओरडून उत्तर द्यायची, "शिकता हा गो, शिकता हा! आता काय, जमला तिका! येतंय मी!" पुढच्या रविवारी परत तेच. "नाय गो, परीक्षा होती तिची. झाली की येतंय!" मग दिवाळी, मग परत परीक्षा. आजी बहिणीशी इतकं सराईतपणे खोटं बोलायची आणि तेही माझ्या वतीने, की मी कानात हेडफोन घालायला लागले. हे मला आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. तेवढंच नाही, रडू येतं.

दुसर्‍या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. सकाळी पप्पा दाढी करत होते. फोन वाजला, त्यांनी साबण लावलेल्या गालालाच लावला. पलीकडे काका होता, गुलाबी फेट्यातला. पप्पा नुसतं "हो" म्हणाले. मग तोंड धुऊन बाहेर आले, आजीपाशी खाली बसले आणि म्हणाले, "आई, चल. विरारला जाऊया."

आजीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती उठली, पातळाची घडी शोधायला लागली आणि ती समोरच असून तिला सापडेना. मम्मीने पातळ नेसवलं.

पप्पांनी गाडी काढली. मी पुढे, मागे मम्मी आणि आजी. घोडबंदरला ट्रकांची रांग लागली होती आणि पप्पा एरवी ट्रॅफिकला शिव्या घालतात, त्या दिवशी शांत होते. आजी खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "हो रस्तो मी बगूकच नाय होतो." एवढंच. मी खिडकीची काच खाली-वर करत राहिले.

विरारला काका बिल्डिंगखालीच उभा होता. पप्पा उतरले, तो पुढे आला आणि दोघं मिठी मारून रडले. भर रस्त्यात, मोठमोठ्याने, चाळीतल्या पोरांसारखे. फेट्याचा विषयसुद्धा कोणाला आठवला नाही. आजीला आम्ही धरून वर नेलं. तळमजल्यानंतर फक्त एक जिना होता. मावशीआजीला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. आजी तिच्याजवळ खाली बसू शकत नव्हती, गुडघ्यांमुळे, म्हणून कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली आणि ती खुर्चीतून वाकून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "इलंय गो," ती म्हणत होती. "इलंय मी. इलंय बग."

काकाने मला बाजूला घेऊन चहा दिला आणि सहज म्हणाला, "तू गाडी शिकतेस ना? आई सगळ्यांना सांगायची, माझी बहीण येणार आहे, नात घेऊन येणार आहे. गॅलरीत पापड टाकताना पण खाली बघायची, पांढरी गाडी आली का." मी तो चहा पिऊ शकले नाही. बेसिनमध्ये ओतला.

परत येताना संध्याकाळ झाली होती. घोडबंदर लागलं. मग पप्पा आरशातून मागे बघत म्हणाले, "आई, मावशीला भेटायचं होतं तर मला सांगायचं नाही?"

आजी म्हणाली, "तुका राग होतो मा."

"कसला राग? तो फेटा?" पप्पांचा आवाज फाटला. "अगं आई, तो मी कधीच विसरलो होतो. पण ते बोलवेनात, मग आपणहून जायचं कसं? मी वाट बघत होतो, कोणीतरी म्हणेल. तू म्हणाली असतीस, चल, तर त्याच दिवशी गेलो असतो. वर आलो असतो. जेवून आलो असतो."

मी एकदम बोलून गेले. "पप्पा, आरेला कुत्रं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"आजी म्हणाली, हात जोड. देऊळ आलं म्हणून. मी दोन्ही हात जोडले. तुम्ही तिला परत नेलं नसतं म्हणून मी सांगितलं नाही."

पप्पांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "मीपण जोडले होते. डोळे मिटून. म्हणून तर मला काही दिसलं नाही."

मागून मम्मी बारीक आवाजात म्हणाली, "मीसुद्धा."

म्हणजे त्या सकाळी त्या गाडीत चारही माणसांचे डोळे मिटलेले होते आणि प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे बघत असतील. पप्पा हसले, म्हणजे हसल्यासारखा आवाज आला, आणि मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. "एवढंच होतं? हे मला सांगितलं असतंस तर मी ओरडलोसुद्धा नसतो गं. हसलो असतो. पुढच्या रविवारी परत नेलं असतं." त्यांना रडताना त्या दिवशी मी दुसर्‍यांदा बघितलं. आजीने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

कोणाचं चुकलं, हे मी खूप वेळा उलटसुलट करून बघितलं आहे. आजी तोंड वाकडं झालेलं बघू शकत नव्हती, पप्पा कोणी म्हणायची वाट बघत होते, मी आजीला वाचवत होते. सगळे एकमेकांचंच भलं बघत होतो की हो! आणि त्यात एक बाई विरारला गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत राहिली. याला काय करायचं? मला अजून कळलेलं नाही.

लायसन्स मी त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर काढलं. पप्पांनीच शिकवलं, आरेतच, आणि एकदाही आवाज चढवला नाही. आता नोकरी लागली आहे, गाडी जवळजवळ माझीच झाली आहे. रविवारी मी आजीला बाहेर नेते. ती पुढच्या सीटवर बसते, बेल्ट मी लावते, तिला हवं तेवढं बोलायची परवानगी आहे, पण ती फार बोलत नाही. गाडी सुरू करताना मी दर वेळी विचारते, "बोल आजी, कुठे जायचं?" मुलुंड म्हटलं तरी चालेल, मालवण म्हटलं तरी मी तयार आहे, खरंच, एका पायावर. ती बेल्ट सारखा करते, समोर बघते आणि म्हणते, "तुका खंय जावचा हा थंय चल." तिला स्वतःला कुठे जायचं होतं, ते तिने एकदाच सांगितलं होतं, मला.